उजवा कान

वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला प्रज्योतने हात वर केला आणि खाली उभ्या असलेल्या लेकीने, सेजलने, मान आत ओढून उजव्या कानावर तळहात दाबला.

डबा फळीवरच राहिला. चहा उतू जाऊन गॅस विझला, तरी प्रज्योत हात तसाच वर धरून उभा होता. मग त्याच्या लक्षात आलं की हात खाली आणल्याशिवाय पोर मान वर काढणार नाही. त्याने तो हळूच खाली आणला आणि पँटच्या खिशात घातला.

"काय झालं गं?"

"काही नाही," सेजल म्हणाली. कानावरचा हात तिने फ्रॉकला पुसला आणि अंगणात पळाली.

दारात सोनाली उभी होती. पाववाल्या पोदेराकडून घेतलेल्या पोयांची पिशवी तिच्या हातात होती. तिने सगळं पाहिलं होतं.

सोनाली पेडण्याच्या उच्च माध्यमिक विद्यालयात मानसशास्त्र शिकवत असे. वास्कोच्या बंदरात नोकरीला आलेल्या घाटावरच्या माणसाची ती लेक, म्हणून नवराबायकोचं आपसातलं बोलणं मराठीत. त्या आठवड्यात वर्गात आक्रमकतेचा धडा चालू होता: माणूस माणसावर का धावून जातो. रक्तातून येतं म्हणून, मेंदूतल्या बदामाएवढ्या भागात ठिणगी पडते म्हणून, अंगातली रसायनं उसळतात म्हणून, की लहानपणी जे पाहिलं तेच हात पुढे करतो म्हणून. धडा घरी वाचून दाखवायची तिला सवयच होती. फुकटचा विद्यार्थी मिळाला की कुठला शिक्षक सोडतो! प्रज्योत वीज खात्यातला. तो म्हणाला होता, "तुझा तो बदाम म्हणजे आमचा फ्यूज. वायर बारीक घातली असली की लवकर उडतो." त्यावर दोघं हसली होती. ही सोमवारची गोष्ट. आज शुक्रवार होता.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधीच तिने त्याला बाल्कांवात, पुढच्या ओसरीवर, गाठलं.

"तू तिला मारलंस?"

"नाही."

सोनालीने मान हलवली. तिला तेवढं पुरलं असतं. पण प्रज्योत खिशातले हात बाहेर न काढता म्हणाला, "मला आठवत तरी नाही."

या दुसऱ्या वाक्याने घात केला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे कितीही दिवस गेले तरी त्याला ती नजर विसरता आली नसती.

प्रज्योतला उजव्या कानाने कमी ऐकू येत असे. तो माणसांच्या उजवीकडे बसे, म्हणजे डावा कान त्यांच्या बाजूला राही. दुचाकीवर मागून सोनाली काही बोलली तर डावीकडे वाकून बोले. हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणी कारण विचारत नसे. कारण घरात सर्वांना ठाऊक होतं. ते त्याची आई, कमलाक्षी, सांगत आली होती.

"बापसाचो हात," ती म्हणायची. "एकच चापट. लेकराचो कान गेलो."

ती हे प्रज्योतच्या वडिलांच्या, यशवंतच्या, देखत सांगायची. यशवंत पेज संपवायचा, हात धुवायचा आणि बाहेर उभ्या असलेल्या आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसायचा. कधी एका शब्दाने नाकारलं नाही. लहान प्रज्योतला त्याचा अर्थ सरळ वाटे: खरं असल्याशिवाय माणूस गप्प बसेल कशाला?

बाप तापट नव्हता असं कोणी म्हटलं नसतं. एकदा त्याने भाताचा टोप उचलून अंगणात फेकला होता. आवाज असा की शेजारच्या माडांच्या भाटातली वानरं उठायची. खुद्द त्या चापटीचं प्रज्योतला फारसं काही आठवत नव्हतं. एक आवाज, मग कानात शिट्टी, मग डिझेलचा वास येणारा शर्ट आणि दुखऱ्या कानावर दाबून धरलेला एक गरम, राकट हात. एवढंच. पण तो वास बापाचा होता आणि हातही बापाचाच. त्या आठवणीने आजवर त्याची पाठ सोडली नव्हती.

पुढे यशवंत सुट्टीच्या दिवशी, कधी शाळेच्या दिवशीसुद्धा, त्याला ट्रकमध्ये घालून डिचोलीकडच्या खाणींवर घेऊन जाऊ लागला. दिवसभर लाल धूळ, दुपारी टायराच्या सावलीत कोरडी पोई. यशवंतच्या डाव्या हाताची दोन बोटं लग्नाआधीच ट्रकच्या फाळक्यात गेली होती आणि उरलेली वळत नसत. तो हात स्टेअरिंगवर नुसता टेकवून तो उजव्याने गाडी चालवी. पोराशी बोलत नसे. प्रज्योतला ती शिक्षा वाटे. घरी आईजवळ राहू दे म्हणून तो रडायचा आणि बाप ऐकत नसे.

म्हणून प्रज्योत मोठा झाला तो बापासारखं काही म्हणून न करण्यासाठी. दारूला शिवला नाही. मिशी ठेवली नाही. राग आला की हात खिशात घालून खाडीच्या बांधावर चालत जायचा आणि दमून परत यायचा. सेजल जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घ्यायला त्याने इतका वेळ लावला की नर्स हसली होती. आणि एवढं करूनही शेवटी पोरीने मान आत ओढलीच.

शनिवारी सोनालीने सेजलला न्हाऊ घालता घालता विचारलं. गोडीने, आडवळणाने, जसं तिला विचारता येत होतं तसं.

"तुला कोणी मारतं का गं, सोन्या?"

सेजलने डोळ्यांतला साबण पुसला.

"आजोबा मारतात."

"आजोबा?"

"हां. ते येतात मग मारतात. मग जातात. सांगायचं नसतं. सांगितलं की परत येतात."

आजोबांना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. सोनालीच्या हातातला तांब्या बादलीत पडला. दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या प्रज्योतने ते डाव्या कानाने स्वच्छ ऐकलं. त्याचा अर्थ लावायला त्याला धडा वाचायची गरज नव्हती. दुपारी सोनाली विद्यालयात असताना तोच जेवायला घरी येई. त्या वेळी आई मागच्या पडवीत भांडी घासत असे. म्हणजे तेवढ्या वेळात त्याच्या अंगात बाप येत होता, हात उगारत होता आणि जाताना आठवण पुसून जात होता. तो खिडकीच्या कट्ट्यावर टेकला.

"मी हिला घेऊन जाते," सोनाली म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, घाबरलेला होता, आणि तेच जास्त लागलं. "सोमवारी. वास्कोला, आईकडे. काय आहे ते कळेपर्यंत."

"परत आणशील?"

"मला माहीत नाही, प्रज्योत."

"जा," तो म्हणाला. "मीही हेच केलं असतं."

सोनालीने सासूलाही विचारलं होतं, काही पाहिलंत का म्हणून. कमलाक्षी आदोळीवर बसून नारळ खवत होती. ती डावखुरी. देवाचं तेवढं उजव्याने करी, बाकी सगळं संसाराचं काम डाव्या हाताने. खवता खवता तिचा हात थांबला.

"माझोच झील. माज्या तोंडान मी काय सांगू?" ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. सोनालीने पुढे विचारलं नाही. आयुष्यभर नवऱ्याचा मार पाहिलेल्या बाईला आणखी काय छळायचं!

पण वास्कोचं ठरल्याचं कळताच कमलाक्षी चुलीवरचा टोप तसाच टाकून बाल्कांवात आली. सेजल तिचा जीव होता. दुपारची पेज ती भरवणार, वेणी ती घालणार, आंब्याची साठं हिच्यासाठी राखणार. ती नातीला पोटाशी धरून म्हणाली, "चेडवाक न्हेऊ नको गो बाय. ह्यां प्रज्योताचां न्हय. ह्यां यशवंताचां."

"म्हणजे?"

"वरीस झाला. देवचाराक रोंट नाय, इडी नाय, थेंबभर फेणी नाय. यशवंत दरवर्सा न चुकता घाली. तो गेल्यार कोणी घातल्यान? राखणदार रागवलो, तेणां यशवंताचो राग घरात मोकळो सोडल्यान. तोच ह्याच्या हातात शिरता."

प्रज्योत एरवी हसला असता. खांबावर चढणारा माणूस, वीज अंगात शिरते ती कशाने हे त्याला ठाऊक होतं. पण त्याला आता बापाचे शेवटचे दिवस आठवत होते. यशवंत खाटेवर पडून तोच तोच एक धोशा लावून बसला होता: "चेडवाक घरात ठेवू नको. गाडयेत घाल." ट्रक तर खाणी बंद पडल्यावर केव्हाच विकला होता. म्हातारा भ्रमात बोलतो असं सगळे म्हणाले. एकदा प्रज्योत पाणी पाजायला वाकला तेव्हा यशवंतने उजवा हात उचलला. तो प्रज्योतच्या उजव्या कानाकडे येत होता. प्रज्योतने तो वरच्या वर धरला आणि खाटेवर खाली दाबला. म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे वळवलं. आणखी काही दिवसांनी गेला.

"घालूया रोंट," प्रज्योत म्हणाला. "जायच्या आधी. उद्या."

सोनालीने त्याच्याकडे पाहिलं. मानसशास्त्राच्या बाईंनी नको म्हणायला हवं होतं. त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

रविवारी उन्हं कलल्यावर चौघं बांधावर गेली. खाडीच्या कडेला सातविणीचं मोठं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी एक धोंडा. वाड्यावरच्या साऱ्या भाटांचा राखणदार तिथे. रोज संध्याकाळी माणसं आवाज न करता तिथून जात. सगुणकाका आधीच येऊन बसला होता. वाड्यावरच्यांसाठी देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान् पिढ्या त्याच्या घराकडे होता. यशवंतच्या बरोबरीचा, पण अजून ताठ.

कमलाक्षीने केळीच्या पानावर तांदळाच्या पिठाचा जाडजूड रोंट ठेवला. बाजूला विडी, काडेपेटी आणि द्रोणात फेणी. नारळ तिने आपल्याजवळच ठेवला. तो सेजलवरून उतरवायचा होता आणि ते आजीनेच करायचं असं तिने घरून निघतानाच सांगितलं होतं. सेजल शहाण्यासारखी उभी होती. सोनालीने तिचा हात धरला होता. प्रज्योत सगळ्यांपासून थोडा लांब, खिशात हात घालून.

सगुणकाकाने डोक्यावरची टोपी काढली.

"व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," कमलाक्षी म्हणाली. प्रज्योतने ओठ हलवले.

"ह्या बांधाच्या, ह्या भाटाच्या राखणदारा! आज ह्यां तुजां घर तुज्या पायांकडे इलां असा. कामधंद्याच्या नादान वरीसभर चूक झाली, ती पदरात घे. यशवंतान जाताना आपलो राग घरात ठेवल्यान असात, तो ह्या घरातसून काढ आणि खाडीपार कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"यशवंताचो हात ह्या पोरावर पडता म्हणतत. तो हात आवर…"

"चेडवाक हाड," कमलाक्षी हलक्या आवाजात म्हणाली. सोनालीने सेजलचा हात सोडला. पोर आजीसमोर जाऊन उभी राहिली. कमलाक्षीचे गुडघे दुखत असत. तोल सावरायला तिने उजवा हात नातीच्या खांद्यावर टेकला, नारळ डाव्या हातात घेतला आणि तो हात वर उचलला.

सेजलने मान आत ओढली. उजव्या कानावर तळहात दाबला.

नारळ पोरीच्या डोक्यापाशी अधांतरी थांबला. सोनालीने झटकन नवऱ्याकडे पाहिलं. गेले तीन दिवस असं काही झालं की ती त्याच्याकडेच पाहत होती. आणि ती पाहतच राहिली.

प्रज्योतचा हातही कानावर होता. उजव्या. खिशातून तो कधी निघाला, वर कधी गेला, त्याला कळलं नव्हतं. तळहाताखाली कान गरम लागत होता. बापलेक एकाच मापाने मान आत ओढून त्या म्हातारीच्या डाव्या हाताकडे पाहत उभी होती.

"उजव्या हातान, वयनी," सगुणकाका म्हणाला. त्याला बाकी काही दिसलं नव्हतं.

समोरच्या माणसाचा डावा हात उठला तर तो आपल्या उजव्या कानावर बसतो. इतकी साधी गोष्ट. बापाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलेली, उरलेली ताठ. ज्या हाताने धड स्टेअरिंग धरता येत नव्हतं, त्या हाताने कानात शिट्टी वाजेल अशी चापट कुठून बसणार होती? तो आवाज आधीचा होता. डिझेलचा शर्ट मागून आला होता. तो हात कान दाबून धरत होता, कारण कान दुखत होता.

आणि मग ट्रक. लाल धूळ, कोरडी पोई, घरी राहू दे म्हणून रडणं. चेडवाक घरात ठेवू नको, गाडयेत घाल. खाटेवरून उचललेला तो हात, तो खाली दाबलेला. आजोबा मारतात, सांगायचं नसतं, हेही पोरीला कोणीतरी पढवलं होतं.

प्रज्योतला बांधावरून चालत जायचं सुचलं नाही. तो दोन ढांगांत आईसमोर आला. इतकी वर्षं खिशात ठेवलेला त्याचा उजवा हात वर गेला. पूर्ण वर. त्याला ते फार बरं वाटलं. हे त्याने पुढे सोनालीलाही कधी सांगितलं नाही.

कमलाक्षीच्या हातातला नारळ गळून पडला. तिने खांदे उचलले, मान आत ओढली आणि कानावर तळहात दाबला. डोळे गच्च मिटले. ती ओरडली नाही, काही नको म्हणाली नाही. कसं उभं राहायचं हे तिला फार आधीपासून ठाऊक होतं. ती कारापूरला मामीच्या घरात वाढली होती. लग्न झाल्यापासून तिकडे एकदाही गेली नव्हती, आणि कारापूरचं नाव निघालं की पदर कानावरून घट्ट ओढून घ्यायची. प्रज्योतने तो पदर किती वेळा पाहिला होता.

त्याचा हात वरच राहिला. सेजल खालून पाहत होती. आधी त्या हाताकडे, मग आजीकडे. आजीलाही असं करता येतं याचं तिला नवल वाटत असावं.

सगुणकाकाला आता दिसलं. त्याने एकदा म्हातारीकडे आणि एकदा प्रज्योतकडे पाहिलं. मग तो खाकरला. अर्धं टाकलेलं गाऱ्हाणं तसंच सोडता येत नाही. ज्याचा राग त्याचं नाव घेऊन ते पुरं करावं लागतं.

"प्रज्योता," तो हळूच म्हणाला, "यशवंताचां नाव घेऊ ना?"

"नको." प्रज्योतचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. "बाबांचां नाव काढून टाक."

"मगे कोणाचां घेऊ?"

कमलाक्षीने डोळे उघडले. कानावरचा हात तिने काढला नव्हता. ती मुलाकडे पाहत होती, आणि तो काय सांगणार याची तिला जी भीती वाटत होती ती चापटीपेक्षा मोठी होती. खाडीवरून वारा आला, तशी द्रोणातली फेणी हलली.

प्रज्योतने हात खाली आणला. खिशात घातला नाही. तो वाकला, पडलेला नारळ उचलला आणि तिच्या हातात न देता स्वतःकडेच ठेवला.

"माजां घे," तो म्हणाला.

सगुणकाकाने टोपी हातातल्या हातात फिरवली. यशवंतही दर वर्षी इथे येऊन, कोणाचं नाव घेऊ विचारल्यावर, हेच दोन शब्द सांगून जायचा. ते सगुणकाकाने आज सांगितलं नाही.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

प्रज्योतचं नाव घेऊन त्याने गाऱ्हाणं पुरं केलं. प्रज्योतने धोंड्यावर नारळ फोडला. मग त्याने सेजलसमोर उकिडवं बसून दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून, आणि वाट पाहिली. तिने ते नीट पाहून घेतले. मग ती आली.

"उद्यापासून दुपारी ती माझ्याबरोबर येईल, कामावरच्या गाडीत," तिला उचलून घेत तो सोनालीला म्हणाला. "वास्कोला जायचं असेल तर जा. पण तोवर घरात एकटी राहणार नाही."

सेजलने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिचा उजवा कान त्याच्या मानेशी आला. त्याने त्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच धरला.

कमलाक्षी केळीचं पान सारखं करत मागे राहिली होती. बांध अरुंद होता आणि अंधारून येत होतं. पुढे गेलेली सोनाली थांबली, परत आली आणि सासूला म्हणाली, "आई, चला. पाय जपून."

तिने हात पुढे केला. म्हातारीने तो धरायला थोडा वेळ लावला.